बारावीपर्यंत संगणक शिकूनही काय राहून जाते?

प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतः माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांची मुलगी अकरावी विज्ञानला असून तिने बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतले आहे, आणि पुढे तिला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे. तिचा मामेभाऊ बारावीला याच विषयात जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवून अभियांत्रिकीला गेला आणि पहिल्याच सत्रात प्रोग्रामिंगमध्ये अडखळला. तेव्हा महाविद्यालयापूर्वीच्या संगणक शिक्षणात नेमके काय कमी पडते, सी++ या प्रोग्रामिंग भाषेऐवजी पायथन ही भाषा शिकवावी का, बाहेरचा क्लास लावावा का आणि लॅपटॉप कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी आरंभीची पाच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवला आणि गेली अठरा वर्षे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवतो आहे. म्हणजे ही दरी मी दोन्ही काठांवरून पाहिली आहे, आणि अलीकडच्या काठावर असताना ती खणण्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करतो.

पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना भाषेचे नियम बऱ्यापैकी ठाऊक असतात. ‘फॉर’ लूप कसा लिहायचा, अ‍ॅरे कसा जाहीर करायचा, हे ती झोपेतही सांगतील. आपण लिहिलेला प्रोग्राम चुकला तर तो का चुकला, याचा शोध स्वतः घ्यायची सवय मात्र त्यांना कोणी लावलेली नसते. बाकीच्या उणिवा बहुतेक याच एका उणिवेच्या पोटातल्या आहेत, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

बायफोकलचा विषय २०० गुणांचा आहे. द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, सोडून तो घेतला जातो. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी++ आणि एचटीएमएल, तर दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग, असा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे शिकवला गेला. प्रत्येक पेपरमागे ५० गुण लेखी आणि ५० गुण प्रात्यक्षिकाचे. भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला ३० गुण असताना येथे निम्मे आहेत, म्हणजे हा विषय हाताने करून शिकण्याचा आहे हे आखणाऱ्यांनी ओळखले होते. त्या निम्म्या गुणांचे आम्ही शिक्षकांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

आम्ही जर्नल केले. प्रात्यक्षिकांची यादी ठरलेली, त्यांचे प्रोग्राम ठरलेले, फळ्यावर किंवा झेरॉक्सवर उपलब्ध. मुलांनी ते उजव्या पानावर निळ्या शाईने उतरवायचे, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आऊटपुट काढायचे, आणि आऊटपुटभोवती पट्टीने चौकोन आखायचा. लॅबमध्ये दोघा-तिघांत एक संगणक असल्यामुळे टाइप करणारा एकच, बाकीचे पाहणारे. प्रोग्राम चालला नाही तर हात वर करून “सर, आऊटपुट येत नाही” म्हणायचे, की मी किंवा लॅब असिस्टंट येऊन अर्धविराम टाकून जात असू. परीक्षेला चिठ्ठी उचलायची, त्यावर याच यादीतला प्रोग्राम असणार, तो पाठ असणार. एका वर्षी एका मुलाच्या जर्नलात बबल सॉर्टचे (आकडे क्रमाने लावण्याच्या प्रोग्रामचे) आऊटपुट अगदी अचूक उतरवलेले होते, पण वर लिहिलेल्या प्रोग्रामात अदलाबदल करणाऱ्या तीन ओळींपैकी एक सुटली होती; तो प्रोग्राम ते आऊटपुट देणे शक्यच नव्हते. त्या पानावर माझीच सही होती.

आता मुद्दा एका उदाहरणाने दाखवतो. ज्या टर्बो सी++ वर आपल्याकडील बहुतेक लॅब कित्येक वर्षे चालल्या, तो निळ्या पडद्याचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. सी++ भाषेचे पहिले अधिकृत प्रमाण १९९८ साली ठरले, त्याच्याही आधीचा. त्यावर शिकलेल्या ‘व्हॉइड मेन’ आणि ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ या सुरुवातीच्या ठरीव ओळी नव्या कंपायलरला चालत नाहीत, आणि मामेभाऊ बहुधा याच उंबरठ्यावर पहिल्यांदा ठेचकाळला असेल. हा मात्र आठवड्याभरात भरून निघणारा तोटा आहे, त्यामुळे त्याच्यावर जितकी टीका होते तितकी करायची गरज मला वाटत नाही. खरी गंमत दुसरीकडे आहे. टर्बोवर फॅक्टोरियलचा (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्राम लिहिला आणि ५ दिले, तर १२० येतात. जर्नलात तेच लिहिलेले असते. ७ दिले, तर ५०४० येतात, तेही बरोबर. ८ दिले, की पडद्यावर उणे २५२१६ उमटतात. धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा आला, हा प्रश्न सातवीतल्या मुलालाही पडावा. पण माझ्या पाच वर्षांत तो विचारायला फक्त एक मुलगी आली, कारण यादीतल्या प्रोग्रामला ८ हा आकडा द्यायचे कोणाला सुचतच नव्हते.

कारण साधे आहे. त्या कंपायलरमध्ये पूर्णांकाला १६ बिटांची, म्हणजे ०-१ च्या सोळा घरांची, जागा असते आणि तीत ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की उणे २५२१६ उरतात. आणि आता दुसरा पेपर आठवा. त्याच वर्गातली तीच मुले ८०८५ च्या तासाला लिहीत असतात की अ‍ॅक्युम्युलेटर (आकडेमोडीची जागा) ८ बिटांचा आहे, त्यात एफएफ, म्हणजे मावणारी सर्वांत मोठी संख्या २५५, असताना १ मिळवला की ०० उरतो आणि हातचा दाखवणारा कॅरी फ्लॅग उभा राहतो. १९७६ साली आलेला हा प्रोसेसर अकरावी-बारावीला कशाला, म्हणून नाके मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. संख्या यंत्रात मावते किंवा मावत नाही, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे साधन मला माहीत नाही. दुःख याचे आहे की दुसऱ्या पेपरातला कॅरी फ्लॅग आणि पहिल्या पेपरातला उणे २५२१६ हे एकच प्रकरण आहे, असे कुठल्याही तासाला म्हटले जात नाही. बहुधा शिक्षकही दोन वेगळे असतात.

तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, म्हणून पुढची पायरी तुम्हाला आवडेल. नव्या कंपायलरवर पूर्णांक ३२ बिटांचा असतो. तेथे १२ चे फॅक्टोरियल ४७९००१६०० हे बरोबर येते आणि १३ चे सामान्यतः १९३२०५३५०४ असे येते. ही संख्या धन आहे, मोठी आहे, पाहताक्षणी संशय यावा असे तिच्यात काही नाही, आणि तरीही ती साफ चुकीची आहे. मुलीला विचारा, की कागद-पेन्सिल न घेता हे उत्तर चुकीचे असल्याचे कसे ओळखशील? १३ च्या फॅक्टोरियलमध्ये २, ५ आणि १० हे तिन्ही गुणक असल्यामुळे ते १०० ने भागलेच पाहिजे. शेवटी ०४ असलेली संख्या ते असू शकत नाही. खरे उत्तर ६२२७०२०८०० आहे. यंत्राने दिलेल्या उत्तरावर दुसऱ्या वाटेने ताळा करणे म्हणजे तांत्रिक संगणनाची अर्धी विद्या, आणि ती शिकवायला संगणकाचा शिक्षकच लागतो असे नाही.

येथेच पायथनच्या प्रश्नाचे उत्तर येऊन जाते. सीबीएसईने बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये सी++ सोडून पायथन आणले, ते एकंदरीत बरेच झाले. भाषा सोपी आहे, आणि सुरुवातीच्या तासांना कंसांशी झुंज द्यावी लागत नाही. पायथनमध्ये पूर्णांक हवा तितका मोठा होऊ शकतो, म्हणून १३ चेच काय, १०० चे फॅक्टोरियलही बरोबर येते. पण त्याच पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ बरोबर आहे का असे विचारले, तर उत्तर नाही असे येते, कारण दशांश अपूर्णांक यंत्रात द्विमानात साठवले जातात आणि ०.१ तेथे नेमका मावत नाही. भाषा बदलल्याने खड्डा एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, एवढेच. जर्नल तसेच राहिले, तर पायथनचेही आऊटपुट मुले पेन्सिलीनेच काढतील, आणि काढतातच.

आता दुसरी उणीव, जी गेल्या आठ-दहा वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत वाढली. आपण केलेले काम यंत्रात कोठे राहते, हे मुलांना ठाऊक नसते. १९८०च्या दशकात सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. ते यंत्र सुरू केले की थेट बेसिक भाषेची ओळ समोर येत असे, तिच्यात काहीतरी लिहिल्यावाचून पुढे जाताच येत नसे. आजच्या मुलांचा पहिला संगणक मोबाइल असतो. त्यात फोटो गॅलरीत असतो, कागदपत्र व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असते. फाइल, फोल्डर, पाथ या कल्पनांची गाठ पडण्याचे कारणच येत नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी प्रोग्रामची फाइल मागतो, तेव्हा निम्म्या वर्गाकडून पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो येतो. काहीजण प्रोग्राम वर्डमध्ये लिहून आणतात. वर्ड आपल्या शहाणपणाने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करून ठेवतो आणि कंपायलर ती नाकारतो. एक हुशार मुलगा अशा एका प्रोग्रामपुढे सबंध तास बसून होता. त्याच्या दृष्टीने पडद्यावरचा प्रोग्राम आणि पुस्तकातला प्रोग्राम अक्षरशः सारखे होते. दिसायला सारखी दोन अक्षरे यंत्राला वेगळी असू शकतात, हे त्याला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

या बाबतीत मराठी मुलांच्या हाताशी एक उत्तम साधन आहे, आणि ते कोणी वापरत नाही याची मला खंत वाटते. पायथनला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. आपण तीन अक्षरे म्हणतो, पायथन पाच सांगतो, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी हे त्याच्या लेखी पाच वेगळे संकेत आहेत. ‘क्ष’ची लांबी तीन येते: क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष. शब्द उलटा करायला सांगा, की काना-वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. अक्षर म्हणजे काय, संकेत म्हणजे काय आणि पडद्यावरचे चित्र म्हणजे काय, हा इंग्रजी माध्यमातल्या मुलांना पाठ करावा लागणारा भेद आपल्या लिपीत एका ओळीच्या प्रयोगात दिसतो. जाता जाता सांगतो, पायथन ३ मध्ये चलाचे नाव देवनागरीत दिलेले चालते. ‘लांबी’ हे नाव देऊन पाहा. मुले हरखतात.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांची एक खास अडचण नोंदवतो. चूक झाली की कंपायलर इंग्रजीत एक ओळ लिहितो, आणि मुले ती वाचतच नाहीत. ती रागावण्याची खूण आहे असे समजून सरळ हात वर करतात. त्यातून कंपायलर पुष्कळदा बोट दाखवतो ८ व्या ओळीकडे आणि अर्धविराम सुटलेला असतो ७ व्या ओळीत, म्हणजे वाचणाऱ्याचीही दिशाभूल होते. मी आता पहिले दोन आठवडे चालणारे प्रोग्राम देतच नाही. चालणारा प्रोग्राम मुद्दाम पाच ठिकाणी मोडायला सांगतो आणि प्रत्येक वेळी काय संदेश आला, तो वहीत मराठीत अर्थासह लिहायला लावतो. पंधरा-वीस संदेशांत जवळपास सगळे येऊन जातात, आणि इंग्रजीची भीतीही त्याच हिशेबाने उतरते.

तिसरी उणीव मला सर्वांत मोठी वाटते, कारण ती संगणकाच्या पेपरातही दिसत नाही. बाजूच्याच भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीच मुले साध्या लंबकाचा प्रयोग करतात, लॉग टेबल उघडून गुणाकार करतात, आलेख कागदावर काढतात. आणि भिंतीपलीकडच्या लॅबमधला संगणक त्या कामी यावा, असे कोणालाच वाटत नाही. पाठ्यपुस्तकात लंबकाच्या सूत्रापुढे ‘लहान कोनासाठी’ अशी अट असते. कोन लहान नसेल तर काय होते, हे विचारले की “सूत्र लागू होत नाही” असे उत्तर येते आणि विषय संपतो. खरे म्हणजे वीस ओळींच्या प्रोग्रामने तो सुरू होतो.

लांबी १ मीटर, काळाची पायरी ०.०१ सेकंद घ्या. प्रत्येक पायरीला कोनावरून कोनीय त्वरण काढायचे, मग जुन्या वेगावरून नवा कोन आणि त्वरणावरून नवा वेग. मुले पहिल्यांदा साइनला थेट अंश देतात, आणि ३० अंशांच्या साइनचे उत्तर अर्ध्याऐवजी उणे ०.९८८ येते, रेडियन म्हणजे काय, हे त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळते. ती चूक सुधारली की दुसरी उभी राहते. १० अंशांवरून सोडलेला लंबक दहा सेकंदांत सुमारे १६ अंशांपर्यंत झोके घेऊ लागतो. कोणी ढकलत नाही, तरी झोका वाढतो. पायरी दहापट लहान केली, तर तेवढ्याच वेळात तो साडेदहा अंशांच्या आसपासच पोचतो, म्हणजे दोष निसर्गाचा नसून आपल्या पायरीचा आहे. मग ओळींचा क्रम बदलून पाहायचा: आधी वेग नवा करायचा आणि कोन काढताना तोच नवा वेग वापरायचा. एवढ्याने झोका वाढायचा थांबतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला, प्रोग्राम चालणे आणि प्रोग्राम बरोबर असणे यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर ६० अंशांवरून लंबक सोडा, दोलनकाल २.०१ सेकंदांऐवजी सुमारे २.१५ येतो, साधारण सात टक्क्यांनी जास्त. दोरा आणि गोळा घेऊन ते पडताळून पाहता येते. दहा झोके मोजले की दीड सेकंदाचा फरक पडतो, मोबाइलच्या घड्याळावर तो सहज पकडता येतो.

याखेरीज टर्मिनल (आज्ञा टाइप करून यंत्र चालवण्याची खिडकी), साधा टेक्स्ट एडिटर, प्रोग्रामच्या जुन्या प्रती जपण्याची पद्धत या गोष्टीही राहून जातात, हे खरे आहे. पण त्या केवळ आपल्याकडेच राहतात असे नाही. एमआयटीसारख्या ठिकाणीही २०२० च्या जानेवारीत तेथील संशोधक विद्यार्थ्यांनी नेमक्या याच गोष्टींचा एक छोटा वर्ग घेतला, कारण पदवीच्या नेहमीच्या विषयांत त्या कोणी शिकवत नव्हते. माझ्या मते बारावीपर्यंत जुन्या प्रती जपणारे गिट हे साधन आले नाही तरी काही बिघडत नाही. फाइलच्या नावात तारीख घालून प्रत ठेवायची सवय एवढ्यावर भागते.

आता तुमच्या मुलीने काय करावे ते लिहितो. बाहेरचा क्लास लावू नका. बहुतेक क्लास बोर्डाचीच यादी आणखी लवकर पाठ करून घेतात, आणि एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम ऑफिसच्या कामासाठी उपयोगी असला तरी त्याचा हेतू वेगळा आहे. शिवाय सीईटी आणि जेईई यांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित एवढेच विचारले जाते, तेव्हा या दोन वर्षांत संगणकाला रोज तास देणे तिला परवडणारही नाही. आठवड्याला एक संध्याकाळ पुरेशी आहे. जर्नलातला प्रत्येक प्रोग्राम तिने स्वतः टाइप करावा, चालवण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर लिहावे, मग त्याला शून्य, ऋण संख्या आणि अवाढव्य संख्या देऊन तो मोडून पाहावा. प्रोग्रामिंग नको असेल त्या दिवशी झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. ती परीक्षा प्रोग्राम न लिहिता विचार करायची आहे, आणि तुम्हीही तिच्यासोबत बसू शकाल. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी आवाजातही विनामूल्य मिळतात, त्यांतले लिनक्स या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीमचे धडे तिला कोणाच्या मदतीशिवाय करता येतील.

खरा मोकळा काळ मिळतो तो सीईटी झाल्यापासून पहिले वर्ष सुरू होईपर्यंतचा. प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट पाहण्यात घरोघरी दोन-तीन महिने वाया जातात. लंबकाचा प्रयोग तेव्हासाठी राखून ठेवा.

मामेभावाला एवढेच सांगा की पहिल्या सत्रात अडखळणाऱ्यांत बारावीला भरघोस गुण मिळवलेलेच जास्त असतात. ज्यांना आधीपासून काहीच येत नव्हते, ती मुले चुका करायला लाजत नाहीत म्हणून लवकर पुढे जातात. त्याने पाठ असलेला प्रत्येक प्रोग्राम एकदा न पाहता, निराळ्या आकड्यांवर लिहावा. दिवाळीपर्यंत तो रुळावर येईल.

लॅपटॉपबद्दल माझे मत बहुतेकांना पटत नाही. बारावी होईपर्यंत नवा घेऊ नये. ऑफिसातून निघालेला, चार जीबी मेमरीचा जुना डेस्कटॉप कोणाकडे पडून असेल तर तो आणा, त्यावर हलके लिनक्स टाका, आणि ते टाकण्याचे काम तिलाच करू द्या. पहिल्या खेपेला तो बहुधा सुरू होणार नाही. तेव्हा मेकॅनिकला फोन करू नका.